डाव संपला, हे कुणी ठरवायचं?

नाशिकमध्ये बैठ्या खेळाचा विषय निघाला की बोलणं विदित गुजराथीवर जातंच, आणि जावंच. १९९४ साली जन्मलेला हा नाशिककर २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकून तो जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या आठ जणांत जाऊन बसला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोला त्याने हिकारू नाकामुराला एकाच स्पर्धेत दोनदा हरवलं. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्यामुळे गंगापूर रोडच्या सोसायट्यांमध्ये बुद्धिबळाचा क्लास आता पोहण्याच्या क्लासइतकाच नेहमीचा झाला आहे. घोडा अडीच घरं जातो हे पोराला माहीत नसेल तर आजीलाच कमीपणा वाटतो.

अशा शहरात ‘मी गो शिकतेय’ म्हटलं की समोरचा जरा थबकतो आणि विचारतो, ‘ते पाच खडे एका ओळीत आणायचे, तेच ना?’ तेच नाही. ते गोमोकू, त्याच पटावर खेळतात, पण त्याचा गोशी संबंध तेवढाच. गो म्हणजे चीनमध्ये ज्याला वेइची म्हणतात, कोरियात बादुक आणि जपानात इगो, तो खेळ. त्याचे उल्लेख कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहापर्यंत मागे जातात. इतका जुना खेळ आजही जवळपास त्याच नियमांनी खेळला जातो, असं दुसरं उदाहरण चटकन सापडत नाही.

नियम सांगायला चहाचा एक कप पुरतो. पट १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांचा. खडे घरांत ठेवायचे नाहीत. दोन रेघा एकमेकींना छेदतात त्या नाक्यावर ठेवायचे. (मुंबई नाका, त्र्यंबक नाका आणि द्वारका सर्कल रोज ओलांडणाऱ्या माणसाला नाका समजावून सांगावा लागत नाही.) असे ३६१ नाके. काळ्याकडे १८१ खडे, पांढऱ्याकडे १८०. डाव सुरू होतो तेव्हा पट मोकळा असतो. पहिला खडा काळा ठेवतो, मग आळीपाळीने. ठेवलेला खडा पुन्हा हलत नाही, मारला गेला तरच पटावरून उचलला जातो. राजा नाही, वजीर नाही, सगळे खडे एकाच मोलाचे. आपल्या खड्यांनी रिकामी जागा वेढायची आणि शेवटी कुणाची किती ते मोजायचं.

मारणं कसं? खड्याला लागून असलेले मोकळे नाके हे त्याचे श्वास. पटाच्या मधल्या खड्याला चार श्वास, कडेच्या खड्याला तीन, कोपऱ्यातल्याला दोन. शेजारी-शेजारी असलेले एका रंगाचे खडे एकत्र श्वास घेतात. समोरच्याने सगळे श्वास बुजवले की तो खडा किंवा तो सगळा गट पटावरून गेला. एकच श्वास उरला तर त्या अवस्थेला जपानीत ‘अतारी’ म्हणतात. १९७२ साली निघालेल्या अमेरिकन व्हिडिओ गेम कंपनीने आपलं नाव तिथूनच घेतलं. आणखी एक नियम ‘को’चा: एकाने एक खडा मारला, लगेच दुसऱ्याने तोच परत मारला, असं चक्र चालू राहू नये म्हणून आधीची मांडणी जशीच्या तशी लगेच परत आणायला बंदी. मध्ये एकदा दुसरीकडे खेळून यायचं. बस्स, शिकायचे नियम एवढेच. बुद्धिबळात कॅसलिंग आणि आँ पासाँ समजावतानाच याहून जास्त वेळ जातो.

मला या खेळाकडे भाच्याने ओढलं. तो आठवीत आहे, चौथीपासून बुद्धिबळाच्या क्लासला जातो, आणि ‘हिकारू नो गो’ ही जपानी ॲनिमे पाहून पेटला होता. युमी होत्ता यांनी लिहिलेल्या आणि ताकेशी ओबाता यांनी चितारलेल्या मूळ चित्रकथेने वीसेक वर्षांपूर्वी जपानी शाळकरी पोरांना आजोबांच्या या खेळाकडे परत वळवलं होतं. ओबातांचं नाव आपल्याकडच्या मुलांना ‘डेथ नोट’मुळे आधीच माहीत असतं. नाशिकच्या मेन रोडवर कॅरम मिळतो, बुद्धिबळाचे चुंबकीय पट मिळतात. गो म्हटलं की दुकानदार लुडो काढून ठेवतो. मग आम्ही जाड लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ९ बाय ९ रेघा आखल्या. काळे खडे म्हणून चिंचोके, पांढरे म्हणून डबल बी. जपानात उत्तम संचातले काळे खडे नाची इथल्या पाटीच्या दगडाचे असतात, पांढरे ह्यूगाच्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचे आणि पट काया नावाच्या झाडाच्या लाकडाचा. त्याच्या किमती सांगून वाचकाची दिवाळी बिघडवत नाही. नवख्याने ९ बाय ९ वरच खेळावं असं सगळेच सांगतात. ८१ नाक्यांचा डाव थोड्या वेळात आटोपतो, आणि हरण्यातून शिकायचं तर भराभर हरता आलेलं बरं.

भाच्याला खडा घरात ठेवायची सवय मोडताना त्रास झाला. त्याचा हात चौकोनाकडेच जायचा. आईला तो त्रास झालाच नाही. आई चांदोरीकडची, ऐंशीच्या घरातली. ती चष्मा पुसत येऊन बसली, दोन-चार चाली बघितल्या आणि भाच्याच्या एका चिंचोक्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘अरे, हा वाघ कोंडलाय की.’ खरंच त्या खड्याला एकच श्वास उरला होता.

तिला ते का दिसलं, हे मला नंतर उमगलं. ती लहानपणी वाड्याच्या ओट्यावर कोळशाने रेघा मारून वाघ-बकरी खेळलेली आहे. त्या खेळातही सोंगटी रेघांच्या छेदावर बसते. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांना वाघाला मारता येत नाही, पण त्याच्या भोवतीचे सगळे नाके अडवले की तो हलू शकत नाही आणि डाव बकऱ्यांचा होतो. कोंडून जिंकायचं हे तत्त्व तिच्या अंगात होतं. नवकंकरीतही तसंच: २४ छेदांवर नऊ-नऊ खडे, चौकोनांशी काही देणंघेणं नाही. बुद्धिबळ डोक्यात पक्कं बसलेल्या मुलाला गोचा पट परका वाटतो आणि शेतावर, देवळात, ओट्यावर खेळलेल्या बाईला ओळखीचा वाटतो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं वाटलं. नाशिकमध्ये गोला आधार शोधायचा तर तो बुद्धिबळाच्या क्लासपेक्षा या विसरलेल्या खेळांत अधिक सापडेल असं माझं मत आहे.

आणि ते खेळ इथे दगडात आहेत. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर २४ लेणी आहेत. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो. शाळेच्या सहलीत सगळे नहपानाचा जावई उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री यांचे शिलालेख बघून येतात. खाली वाकून बघणारे थोडे. पटखेळांच्या अभ्यासकांनी या लेण्यांच्या दगडात कोरलेल्या रेघा आणि मंकळ्याचे खळगे नोंदवले आहेत. कोरले कुणी, भिक्खूंनी, वाटसरूंनी, की पुढच्या शतकांतल्या गुराख्यांनी, हे दगड सांगत नाही. भिक्खू खेळले असतील तर चोरून, कारण दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात श्रमणाने टाळायच्या खेळांची यादीच आहे आणि तिची सुरुवात आठ आणि दहा घरांच्या ओळींच्या पटांपासून होते. गो मात्र या वाटेने इथवर आला नाही. भारताच्या सर्वांत जवळचं त्याचं जुनं रूप तिबेट आणि सिक्कीमकडचं: १७ रेघांचा पट, आणि सुरुवातीलाच दोन्ही बाजूंचे सहा-सहा खडे मांडलेले. चीनमध्ये हान काळातल्या थडग्यात सापडलेला दगडी पटही १७ रेघांचाच आहे.

नियम कळल्यावर नवख्याची गाडी जिथे अडते ती जागा वेगळीच असते. डाव कधी संपला, तेच कळत नाही.

बुद्धिबळात राजाला मात बसते. वाद नाही, हिशेब नाही. गोमध्ये दोघांनाही वाटलं की आता खेळण्यासारखं काही उरलं नाही, तर एक जण ‘पास’ म्हणतो, दुसराही पास म्हणतो आणि डाव थांबतो. म्हणजे डाव संपायला दोघांची संमती लागते. आता ९ बाय ९ वर दोन नवखे बसलेत. पटावर तीस-चाळीस खडे आहेत. एकाला वाटतं कोपरा आपला. दुसऱ्याला वाटतं अजून आत शिरता येईल. ज्याला खेळ येतो त्याला त्या कोपऱ्यातले पांढरे खडे कधीच मेलेले दिसतात, ते मारायला एकही चाल खर्च करायची गरज नसते. शेवटी ते नुसते उचलून बाजूला ठेवतात. नवखा मात्र मेलेल्याला पुन्हा पुन्हा मारत बसतो, किंवा मेलेल्याला वाचवायला एकेक खडा ओतत राहतो. आणि प्रत्येक फुकटच्या चालीगणिक समोरचा दुसरीकडे जागा घेत जातो.

मेलेलं आणि जिवंत यांतला फरक ‘डोळ्यां’वर ठरतो, आणि हा डोळ्यांचा मुद्दा कुठल्याही नियमात लिहिलेला नाही, तो श्वासांच्या नियमातून आपोआप निघतो. गटाने आपल्या आत एक मोकळा नाका राखला तर तो एक डोळा. बाहेरचे सगळे श्वास बुजले की समोरचा त्या एका नाक्यावर खडा ठेवून अख्खा गट उचलतो. पण आत दोन वेगवेगळे डोळे असले तर? एका चालीत दोन्ही बुजवता येत नाहीत. पहिला बुजवायला जावं तर आपल्याच खड्याला श्वास नाही, आणि असा जीव देण्याला मनाई. म्हणून दोन डोळे असलेला गट अमर. तो कितीही वेढला गेला तरी तसाच राहतो. भाच्याने हे ऐकलं आणि त्या दिवसापासून तो सगळीकडे दोनच डोळे करत सुटला, कोपऱ्यात मुटकुळं करून सुरक्षित. मी बाकीचा पट घेतला. त्याच्या सगळ्या गटांना जीव होता, फक्त जागा नव्हती. एरवी सिसिलियन बचावावर तासभर बोलणारा मुलगा मोजणीनंतर बराच वेळ पटाकडे बघत राहिला.

बुद्धिबळाचा खेळाडू एका ठिणगीमागे जातो. इथे लढाई, इथेच निकाल. गोमध्ये अनेक ठिकाणी एकदम अर्धवट भांडणं चालू असतात, आणि शहाणा खेळाडू समोरच्याच्या चालीला उत्तर न देता पटावर दुसरीकडेच खेळून मोकळा होतो. जपानी खेळाडू याला ‘तेनुकी’ म्हणतात. शिकणाऱ्याच्या हाताला हे फार जड जातं. समोरच्याने टोचलं की आपण तिथेच ओरबाडायला धावतो. भाच्याला तर क्लासमध्ये शिकवलेलं असतं की धमकीकडे कधी दुर्लक्ष करू नकोस. बरोबरच आहे ते, राजा एकच असतो तिथे.

या खेळाच्या इतिहासातले गाजलेले डाव बघितले तर त्यांत ‘संपणं’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं काढतो. जपानात १६१२ सालापासून तोकुगावा शोगुनांच्या राजवटीने गोच्या खेळाडूंना तनखा दिला. होन्इनबो, इनोए, यासुई आणि हायाशी अशी चार घराणी उभी राहिली, आपल्याकडे गाण्याची असतात तशी, गादीवर बसणाऱ्या गुरूसकट. त्यातल्या होन्इनबो घराण्याचा शेवटचा वारस शूसाई. १९३८ मध्ये त्याने निवृत्तीचा डाव कितानी मिनोरू या तरुण खेळाडूशी खेळला. प्रत्येकाला विचारासाठी ४० तास. २६ जूनला सुरू झालेला डाव मधे वृद्ध गुरूच्या आजारपणामुळे महिनोन्महिने थांबला आणि ४ डिसेंबरला संपला. कितानी पाच गुणांनी जिंकला, आणि पुढे थोड्याच काळात, १९४० च्या जानेवारीत, शूसाई वारला. यासुनारी कावाबाता तिथे वर्तमानपत्रासाठी वार्तांकन करत होते. त्या डावावरच त्यांनी पुढे ‘द मास्टर ऑफ गो’ या नावाने जगभर वाचली गेलेली कादंबरी लिहिली. कावाबातांना १९६८ चं नोबेल मिळालं. त्या डावात खटका उडाला तो पाकिटात बंद केलेल्या चालीवरून: दिवस संपताना पुढची चाल गुपचूप लिहून पाकिटात ठेवायची आणि खेळ तहकूब करायचा, हा नवा नियम. जुन्या वळणाच्या गुरूला त्या १२१ व्या चालीत विचारासाठी वेळ मिळवण्याची युक्ती दिसली. पटावरचा कुठलाही हल्ला त्याला तेवढा लागला नव्हता.

दुसरा डाव १९४५ चा. होन्इनबो किताबासाठी हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू खेळत होते. आधीचा डाव हिरोशिमा शहरात झाला होता. धोका वाढला म्हणून दुसरा शहराबाहेर इत्सुकाइची इथे हलवला. ६ ऑगस्ट हा त्या डावाचा तिसरा दिवस. सकाळी आदल्या दिवसाची मांडणी पटावर परत लावून झाली होती आणि लखकन उजेड पडला. स्फोटाच्या धक्क्याने काचा फुटल्या, खडे उधळले. घर सावरून, पट पुन्हा मांडून त्यांनी त्याच दिवशी डाव पूर्ण केला. हाशिमोतो पाच गुणांनी जिंकला. मी हा प्रसंग घरात सांगितला तेव्हा आई एवढंच म्हणाली की त्यांना बाहेर काय झालंय ते कळलं नसणार. शक्य आहे, काही तासांनी होरपळलेली माणसं त्या गावापर्यंत चालत यायला लागली तेव्हा कळलं. इवामोतोने नंतरचं आयुष्य हा खेळ जपानबाहेर नेण्यात घालवलं. १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमजवळ उघडलेलं युरोपियन गो सेंटर त्याच्या पैशातून उभं राहिलं.

आणि मग मार्च २०१६, सोल. ली सेडोल विरुद्ध गूगल डीपमाइंडचं अल्फागो. बुद्धिबळात कास्पारोव्ह संगणकाकडून १९९७ मध्येच हरला होता. गो अजून बरीच वर्षं माणसाचा राहील असं जाणकार सांगत होते, कारण १९ बाय १९ च्या पटावर शक्य असलेल्या मांडण्यांची संख्या १७१ आकडी आहे. २०१६ च्या सुरुवातीलाच जॉन ट्रॉम्प यांनी ती नेमकी काढली. यंत्र ४-१ ने जिंकलं. दुसऱ्या डावातली त्याची ३७ वी चाल समालोचकांना आधी चूकच वाटली होती. चौथ्या डावात लीच्या ७८ व्या चालीने यंत्राचा तोल गेला आणि तो एक डाव माणसाला मिळाला. या चाली सगळ्यांना पाठ आहेत. मला शिकणारी म्हणून दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. अल्फागो पुढे असताना शेवटी शेवटी आळशी, ढिल्या चाली खेळायचं. दोन-चार गुण सहज सोडून द्यायचं. जाणकार बुचकळ्यात पडले. मग उलगडा झाला की त्याला फरक वाढवण्यात रस नव्हता, जिंकण्याची शक्यता तेवढी पक्की करायची होती. अर्ध्या गुणाने जिंकलं तरी पुरे. आपण नवखे नेमके उलटे. जिंकत असलेल्या डावात शेवटचा खडासुद्धा मारायला जातो आणि आपलंच कुंपण मोडून घेतो.

अर्धा गुण कुठून आला, हे सांगायचं राहिलं. पहिली चाल काळ्याची, म्हणून त्याला फायदा. त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला ‘कोमी’ मिळते, जपानात साडेसहा गुण, चीनमध्ये साडेसात. त्या अर्ध्यामुळे बरोबरी होत नाही. खेळाडूंत अंतर असेल तर त्यावरही सोय आहे, आणि ती मला बुद्धिबळातल्या कशाहीपेक्षा माणुसकीची वाटते: कच्च्या खेळाडूने सुरुवातीलाच दोन ते नऊ खडे पटावर ठेवायचे. दर्जाच्या एका पायरीला एक खडा, इतकं ते सरळ गणित. नवखा ३० क्यू वरून सुरू करून १ क्यू पर्यंत उतरतो आणि मग दान चढत जातो. ब्लॅक बेल्टचे ‘दान’ आपल्याला कराटे-जूडोमुळे माहीत, पण ही पद्धत सतराव्या शतकातल्या होन्इनबो दोसाकूची. जूडोने ती गोकडून घेतली. आजी आणि नातू खेळायला बसले तर कुणीही मुद्दाम हरायची गरज नाही. खडे द्या आणि जीव तोडून खेळा.

शिकायला माणूस हवा, ही अडचण मात्र खरी आहे. सांगलीला १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ निघालं आणि भाऊसाहेब पडसलगीकरांसारख्या माणसाने पिढ्या घडवल्या. अशा मांडवाखाली खेळ वाढतो. गोला इथे असा मांडव नाही. ऑनलाइन खेळता येतं, ओजीएससारख्या संकेतस्थळावर रात्री कधीही कुणीतरी भेटतं. दोन पास झाले की यंत्र परस्पर मेलेले खडे रंगवून दाखवतं. सोयीचं आहे, पण त्यात ज्याची सवय व्हायला हवी तेच काम यंत्र करून टाकतं. समोरासमोर बसलं की विचारावं लागतं, ‘हे मेलंय ना?’ आणि समोरच्याने नाही म्हटलं तर खेळून दाखवावं लागतं.

आमच्याकडे हा वाद रोजचा आहे. परवा तर कोपऱ्यात ‘सेकी’ झाली, म्हणजे दोघांचेही गट एकमेकांना चिकटून अर्धमेले, आणि जो आधी मारायला जाईल तोच मरेल. तिथे कुणीच खेळायचं नाही, दोन्ही गट जिवंत धरायचे. भाच्याला हे पटेना. ‘पण आजी, कुणीतरी जिंकायला पाहिजे ना तिथे?’ आईने त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. ‘का रे? तुझ्या दोन्ही काकांचं बांधावरून असंच आहे की.’

आता त्याला १९ बाय १९ चा पट हवा आहे. खऱ्या पटाचं माप साडेपंचेचाळीस बाय साडेबेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास, आणि जमिनीवर मांडी घालून खेळायचा जाड पायांचा पट बघितला तर तो आपल्या पाटाचाच भाऊबंद दिसतो. घरातला सागवानी पाट मापात बसतो. स्केचपेनने एकोणीस-एकोणीस रेघा मारायला तो टपून बसला आहे. आईने सांगून ठेवलंय की अभ्यंगस्नानाला, पाडव्याला आणि भाऊबीजेला ओवाळायला पाट लागणार. त्यानंतर काय ते बघू. तोवर पत्रिकेची पाठ आहे, आणि डबल बीची उसळ करायची नाही एवढं तिने कबूल केलं आहे.